पाणी कालच्यासारखंच

टण्.

स्टीलच्या पेल्यात उभा ठेवलेला चमचा काठाला लागला की येतो ना, तेवढाच आवाज. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही असा.

पण त्या घरात तो आवाज आला, की माझी ताई हातातलं काम तसंच टाकून जागच्या जागी थिजायची.

हे मी कुठे वाचलेलं नाही. कुणाच्या मित्राच्या मित्राबरोबरही घडलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीबरोबर घडलंय, आणि त्याचा शेवटचा भाग माझ्याच घरात घडलाय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, आमच्याकडे आता कुणीही पेल्यात चमचा ठेवत नाही.

थंडी नुकतीच सरत होती. सकाळचे पावणेसहा. बाहेर धुकं.

इथून सुरू करते.

ताई एका मोठ्या जलाशयाच्या काठावर राहायची. गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या मंडळाचं तिथे ऑफिस होतं. पुढे ऑफिसची खोली, तिच्यापुढे लाकडी फळ्यांचा व्हरांडा, आणि मागे दोन खोल्या. त्या मागच्या खोल्यांत ताई आणि तिची चार वर्षांची लेक. तिला आम्ही सगळे पिटुकली म्हणतो. भाऊजी ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपण्यात.

ताईचं काम ऐकायला सोपं. रोज सव्वापाचला उठून ब्याण्णव पायऱ्या उतरून खाली जायचं. पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवर पाणी कितव्या खुणेला आहे ते बघायचं. दोरीला बांधलेलं थर्मामीटर बुडवून काढायचं. ओंजळीत पाणी घेऊन बघायचं, निवळ की गढूळ. मग वर येऊन व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने तीन ओळी लिहायच्या.

पाणी किती.

पाणी कसं.

मासे कुठे.

त्याच तीन ओळी ऑफिसच्या फोनवर रेकॉर्ड करायच्या. लांबून येणारे लोक निघण्याआधी त्या नंबरवर ताईचा आवाज ऐकायचे आणि ठरवायचे, आज गळाची काठी बाहेर काढायची की परत पांघरूण डोक्यावर ओढायचं.

थंडी सरतानाचे ते तीन-चार आठवडे सगळ्यात गर्दीचे. आणि सगळ्यात फसवे. वरच्या डोंगरातलं बर्फ वितळायला लागतं. पाणी रोज वेगळं. सकाळी हात घातला तर बोटं वाकडी होतील इतकं गार. मासे खोलात, ढिम्म. दुपारी मात्र समोरच्या काठाला ऊन लागलं की तिथल्या उथळ पाण्यात वर येतात. महिनाभराचे उपाशी. पडेल तो गळ ओढतात.

त्या उन्हाच्या काठाला जायला पाण्याखालून एक जुना दगडी बांध आहे. मोजपट्टीवर बारा खुणा असल्या की बांधावर गुडघाभर पाणी. मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून चालत जाता येतं. चौदाच्या वर गेलं की ताई फळ्याशेजारी लाल पाटी अडकवायची.

'बांधावर जाऊ नये.'

ती पाटी अडकवायची की नाही, हे फक्त ताई ठरवायची. खाली जाऊन बघून आल्यावर.

रोज सकाळी येणारा पहिला माणूस म्हणजे मास्तर.

शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण खडू सुटला नव्हता. कोटाच्या खिशात कायम एक तुकडा. ताईने फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं, की मास्तर त्या शब्दाला गोल करायचे आणि वर छोटंसं प्रश्नचिन्ह काढायचे. दुरुस्त करायचे नाहीत.

"दुरुस्त तू कर," म्हणायचे. "मी फक्त विचारतो."

उन्हाच्या काठाला त्यांचा एक ठरलेला खडक होता. तो सलूनवाल्या दादांनी धरू नये म्हणून उजाडायच्या आत निघायचे. सलूनवाले दादा म्हणायचे, "मास्तर, तो खडक काय तुमच्या सासऱ्यांनी दिलाय का?" मास्तर म्हणायचे, "तुझ्या खुर्चीत मी कधी बसतो का रे?" सलूनवाले दादा मास्तरांच्या टकलाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बसून करणार काय?"

अशी गंमत चालायची. रोज.

व्हरांड्याची एक फळी सैल होती. तिच्यावर पाय पडला की भिंत किंचित हलायची, आणि खिडकीत पिटुकलीच्या औषधाच्या पेल्यातला चमचा वाजायचा. टण्. ताई आत चहा गाळता गाळता हसायची. आले मास्तर.

मग खिडकीतून आवाज यायचा.

"आज पाणी कसं आहे, पोरी?"

"फळ्यावर लिहिलंय की, मास्तर."

"फळ्याला डोळे नाहीत. तुला आहेत. तू सांग."

पिटुकलीला त्यांनी गळाला लावायचं एक लाल बूच दिलं होतं. ती ते उशाशी घेऊन झोपायची. आजोबांचं बूच.

त्या दिवशी पिटुकलीला तिसरा दिवस तापाचा होता.

दोन रात्री ताईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. भाऊजींचा फोन लागत नव्हता. पहाटे चारला औषध दिलं, पाचला ताप जरा उतरला, आणि पिटुकली ताईचा अंगठा मुठीत धरून झोपली. अंगठा सोडवला की रडायची.

साडेपाच झाले.

ताई सांगते, मी एकदा दाराकडे बघितलं. एकदा मुलीकडे बघितलं. ब्याण्णव पायऱ्या खाली, ब्याण्णव वर. बाहेर धुकं इतकं की व्हरांड्याचा कठडा दिसत नव्हता.

एका दिवसाने काय होतंय?

तिने हळूच अंगठा सोडवला, बाहेर आली, फळ्यावरची तारीख तेवढी बदलली, तिन्ही ओळी पुसल्या आणि एकच शब्द लिहिला.

'कालच्यासारखंच.'

आत येऊन ती पिटुकलीशेजारी टेकली. तेवढ्यात चमचा वाजला.

टण्.

"आज पाणी कसं आहे, पोरी?"

"कालच्यासारखंच, मास्तर."



"कालच्यासारखंच? या दिवसांत?" मास्तर म्हणाले. "या दिवसांत पाणी कधी कालच्यासारखं नसतं. बघून आलीस ना?"

ताई सांगते, त्या वेळी मला त्यांचा राग आला. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार, एकटीने आजारी पोर सांभाळणं काय असतं ते.

ती म्हणाली, "हो, मास्तर."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग बांधावरून जातो."

आणि गेले.

आदल्या रात्री वारा फिरला होता. उबदार झाला होता. वरचं बर्फ एका रात्रीत सुटलं होतं. फक्त बघितलं असतं, तर...

साडेनऊला धुकं उठलं, आणि पाण्याकाठच्या वाटेने आलेल्या सलूनवाल्या दादांची खालून हाक आली. ताईने आयुष्यात तशी हाक ऐकली नव्हती. ती अनवाणी पळत खाली गेली. आधी मोजपट्टीवरच नजर गेली तिची.

सोळा.

गढूळ, लालसर, सोळा खुणा पाणी. बांधावर ते कमरेच्या वर जात होतं. रबरी बूट पाण्याने भरले, की माणसाला पाय उचलता येत नाही. मास्तर बांधाच्या कडेलाच अडकले होते. काठी हातातच होती.

ताई फोन करायला वर पळाली. फोन केला. रिसीव्हर ठेवला. आणि खिडकीतून तिला फळा दिसला.

'कालच्यासारखंच.'

तिचे हात तिच्या नकळत चालले, असं ती म्हणते. मी तिची बहीण आहे, मला माहीत आहे, नकळत नव्हते चालले. तिने ओल्या फडक्याने तो शब्द पुसला. सोळा लिहिलं. गढूळ लिहिलं. आणि लाल पाटी काढून खिळ्याला अडकवली.

लोक आले. त्यांनी फळा बघितला. पाटी बघितली. मान हलवली.

"म्हातारा हट्टीच," कुणीतरी म्हणालं. "पाटी बघूनही गेला."

ताई गप्प बसली.

दहा-बारा दिवस गेले. पिटुकली बरी झाली. ताई आता एक दिवसही चुकत नव्हती. पाचलाच उठायची, खाली जायची, दोन-दोनदा मोजपट्टी बघायची. पिटुकलीला कडेवर घेऊन जायची, झोपेत असली तरी.

एका सकाळी ती वर येऊन चहा ठेवत होती. फळा लिहून झाला होता. पावणेसहा.

टण्.

तिच्या तोंडून सवयीने निघालंच, "आले मास्त..."

पुढचं तिने गिळलं.

खिडकीपाशी गेली. व्हरांडा रिकामा. सैल फळीवर दव पडलं होतं, सगळीकडे सारखं. कुणाचा पाय पडल्याची खूण नाही.

पण पेल्यातला चमचा अजून हलत होता. हळूहळू... थांबला.

मांजर असेल. वारा असेल. तिने स्वतःला बरंच काही सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. पावणेसहा. एकदाच. टण्.

चौथ्या दिवशी तिने चमचा पेल्यातून काढून कपाटात ठेवला.

पाचव्या दिवशी कपाटातून आवाज आला.

मग फळा.

ओल्या हवेत फळ्यावर जुनी पुसलेली अक्षरं उमटतात, हे तिला माहीत होतं. म्हणून पहिल्यांदा ती घाबरली नाही. तिने लिहिलेल्या 'पाणी तेरा खुणा, निवळ' या ओळीखाली फिकट, राखाडी रंगात एक शब्द दिसायला लागला होता.

'कालच्यासारखंच.'

तिने फळा घासला. साबणाने घासला. उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी शब्द परत तिथेच. आणखी गडद.

तिसऱ्या दिवशी त्या शब्दाभोवती गोल होता.

ताज्या, पांढऱ्या खडूचा. वर छोटंसं प्रश्नचिन्ह.

ताईने तो फळाच काढून ऑफिसच्या मागे टेकवला आणि मंडळाकडे नवीन मागितला. कारण लिहिलं, 'जुना खराब झाला.' आणखी एक खोटं.

त्या आठवड्यात सलूनवाले दादा आले. व्हरांड्यात बसून गळ नीट करत होते. मास्तर गेल्यापासून ते उन्हाच्या काठाला जात नव्हते. खडक रिकामा पडला होता, पण त्यांना तो आता नको होता.

"काय वहिनी," ते म्हणाले, "साहेब आलेत वाटतं घरी?"

"कोण साहेब?"

"अहो, तुमचे मिस्टर. रोज सकाळी फोनवर तुमचं रेकॉर्ड ऐकतो ना मी. चार दिवस झाले, मागून बाप्याचा आवाज येतोय. म्हटलं चला, वहिनींना सोबत झाली."

ताईने हातातली कपबशी खाली ठेवली.

"काय... काय म्हणतो आवाज?"

"तुम्ही म्हणता, पाणी तेरा खुणा. मग तो विचारतो, 'बघून आलीस ना?' तुम्ही म्हणता, निवळ आहे. तो परत, 'बघून आलीस ना?'" सलूनवाले दादा हसले. "ट्रक चालवणारा माणूस इतका चौकस? आमच्या घरी मला कुणी काही विचारतच नाही बघा."

ते गेल्यावर ताईने ऑफिसचं दार लावून घेतलं आणि आपल्या मोबाइलवरून तोच नंबर स्वतः लावला.

तिचाच आवाज. "नमस्कार. आज सकाळचं पाणी तेरा खुणा..."

खरखर.

पाणी दगडावर हळू आपटावं तशी.

आणि मग अगदी जवळून, रागाने नाही, दटावून नाही, रोज खिडकीतून विचारायचे तसंच...

"बघून आलीस ना, पोरी?"

ताई मला सांगत होती तेव्हा इथे तिला रडू फुटलं. म्हणाली, "ते ओरडले असते ना गं, तरी चाललं असतं. ते अजून माझ्यावर विश्वास ठेवून विचारतायत."

पण एवढं होऊनही तिने कुणाला काही सांगितलं नाही. नोकरी जाईल, घर जाईल, भाऊजी काय म्हणतील, लोक काय म्हणतील. रोज ठरवायची, आज सांगते. रोज संध्याकाळ व्हायची.

आणि मग ती सकाळ आली.

ताईचा डोळा लागला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाढ. जाग आली ती चमच्याच्या आवाजाने. तिने सवयीने शेजारी हात फिरवला.

अंथरूण रिकामं.

अजून कोमट होतं.

"पिटुकले?"

मोरी रिकामी. ऑफिस रिकामं. पुढच्या दाराची वरची कडी, जिला पिटुकलीचा हात खुर्चीवर चढूनही पुरत नाही, ती कडी काढलेली होती. दार सताड उघडं. बाहेर पांढरं धुकं.

ती पायऱ्यांवरून धावत सुटली. किती उतरली, कितीदा घसरली, तिला आठवत नाही. साठ-सत्तर पायऱ्या उतरल्यावर तिला खालून आवाज ऐकू आला.

बोबडा. अगदी शांत.

"दहा... अकरा... बारा..."

पिटुकली शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी होती. अनवाणी. तिच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर पाणी. एका हाताने ती मोजपट्टीकडे दाखवत एकेक खूण मोजत होती.

दुसरा हात तिने वर धरला होता. आपण रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाचं बोट धरतो तसा.

शेजारी कुणी नव्हतं.

"पिटुकले!"

पिटुकलीने वळून बघितलं. तो वर धरलेला हात हळूच खाली आला... कुणीतरी जपून सोडावा तसा. ताईने झडप घालून तिला उचललं, इतकं घट्ट की पोर कळवळली.

"आई, दुखतंय!"

"का आलीस इथे? एकटी का आलीस?"

"एकटी नाही काही," पिटुकली फुरंगटून म्हणाली. "आजोबांबरोबर आले. आजोबा म्हणाले, आई दमलीय. तिला झोपू दे. आपण दोघं बघून येऊ."

ताई तिला घेऊन दोन पायऱ्या वर सरकली.

पिटुकलीचा तो हात मनगटापर्यंत ओला होता. बर्फासारखा गार. आणि समोर संथ पाण्यात, मोजपट्टीला लागून, ते लाल बूच तरंगत होतं. वारा नव्हता, लाट नव्हती. तरी ते मधूनच खाली जात होतं, वर येत होतं. गळाला मासा लागल्यासारखं.

त्याच दिवशी दुपारी ताई मास्तरांच्या बायकोकडे, मास्तरीणबाईंकडे गेली. सांगायलाच गेली. वाटेत वाक्य पाठ करत होती. मास्तरीणबाई, पाटी मी नंतर लावली. मास्तरीणबाई, पाटी मी नंतर लावली.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं, पिटुकलीला बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ये गं बाई. बरं झालं आलीस. बाकीचे येतात ते नुसती मान हलवायला. बस. चहा टाकते. नाही कसं म्हणतेस, तोंड बघ तुझं, उतरलंय किती."

घर नीटनेटकं होतं. भिंतीशी मास्तरांच्या गळाच्या काठ्या उंचीप्रमाणे लावलेल्या, शाळेच्या रांगेसारख्या. खिडकीत चष्मा. चष्म्याशेजारी खडूचा तुकडा.

"त्यांच्या खिशात निघाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तीन दिवस वाळत घातला होता मी. वेडीच आहे ना मी? खडू कुणी वाळत घालतं का?"

चहा आला. साखर ढवळून मास्तरीणबाईंनी चमचा कपातच ठेवला आणि समोर बसल्या.

मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुला एक विचारू? तू रोज बघायचीस त्यांना. खरं सांगशील?"

"विचारा ना."

"आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. कशावरून, तर चष्म्यावरून. मी म्हटलं, डोळे गेले तुमचे आता, घरी बसा. ते म्हणाले, बसतो एकदाचा कायमचा. रात्री जेवले नाहीत. मीही विचारलं नाही. म्हटलं, बसा फुगून. आणि सकाळी..." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अगं, त्या माणसाने जन्मात कधी पाटी ओलांडली नाही. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिवा लागला की थांबायचे, पोरं हसायची. आणि त्या दिवशी लाल पाटी बघून सरळ पाण्यात चालत गेले. मुद्दाम गेले ना गं ते? माझ्यामुळे?"

ताईला वाटलं, आपण आत्ता इथेच फाटून जाऊ.

"नाही हो," ती म्हणाली. "मुळीच नाही. माझ्याशी नेहमीसारखे बोलले. हसत गेले. धुकं होतं फार. पाटी दिसली नसेल."

मास्तरीणबाईंनी मान वर केली. डोळ्यांत नुसती आशा.

"पण लावलेली होती ना? तू लावली होतीस ना पाटी?"

ताईच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. पाठ केलेलं. जिभेवर.

पिटुकली मध्येच त्यांच्या मांडीवर चढली. मास्तरीणबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"होती," ताई म्हणाली.

टण्.

मास्तरीणबाईंच्या कपातला चमचा. कप मेजावर होता. कुणाचाही हात त्याच्याजवळ नव्हता.

मास्तरीणबाईंनी कपाकडे बघितलं. मग ताईकडे. त्यांचा हात पिटुकलीच्या डोक्यावर तसाच थांबला होता.

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच.

ताईने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि दोन पिशव्या आणि लेक घेऊन माझ्याकडे आली. मी राहते ते शहर तिथून सात तासांवर. चौथा मजला. खाली फरशी, एकही फळी सैल नाही. तळं नाही, नदी नाही. पाणी म्हणाल तर नळाला येतं तेवढंच.

आल्यावर चार दिवस ती नुसती झोपली. पाचव्या दिवशी दुपारी, माझं बाळ आणि पिटुकली शेजारी शेजारी झोपली असताना, भाजी निवडता निवडता तिने मला हे सगळं सांगितलं. मी रागावले तिच्यावर. खूप बोलले. ती ऐकत राहिली. मग मीच तिला जवळ घेतलं. माझंही बाळ तापाने फणफणलं होतं त्या आठवड्यात. त्या जागी मी असते तर पायऱ्या उतरले असते का? मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"आता तू त्यांना पत्र लिही," मी म्हटलं. "सगळं खरं लिही. त्या बाईला आयुष्यभर वाटत राहील, नवरा आपल्यामुळे गेला."

"लिहिते," ताई म्हणाली. "उद्या लिहिते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाला औषध पाजलं, चमचा पेल्यात टाकला आणि पेला तिथेच ओट्यावर ठेवला. इतकं ऐकूनही. सवय.

ताई जमिनीवर गादीवर बसून कागद समोर घेऊन होती. कागद कोरा. पिटुकली तिच्या पायाशी झोपलेली. मी बाळाला मांडीवर घेऊन दूध पाजत होते. खिडकीबाहेर नुकतं फटफटत होतं. मी घड्याळ बघितलं नाही. नंतर बघितलं.

टण्.

ताईच्या हातातून पेन पडलं.

मी ओट्यापासून चार हातांवर होते. चमचा पेल्यात गोल फिरत होता. हळूहळू... थांबला. माझ्या मांडीवरचं बाळ दूध प्यायचं थांबून ओट्याकडे टक लावून बघत होतं.

पिटुकली उठून बसली. डोळे चोळले. बंद दाराकडे बघितलं आणि ओळखीचं हसली. मान जरा कलती करून ऐकत राहिली, हं हं करत राहिली.

मग ताईकडे वळली.

"आई, आजोबा विचारतायत. त्या दिवशी आई बघून आली होती ना?"

ताईने कोऱ्या कागदाकडे बघितलं. पिटुकली एकदा दाराकडे बघायची, एकदा आईकडे. कुणाला तरी ताटकळत ठेवलंय, म्हणून तिला अवघडल्यासारखं झालं होतं.

तिने ताईचा अंगठा मुठीत धरला आणि हलवला.

"सांग ना गं आई. हो सांगू, की नाही सांगू?"